१९७४ चा ड्राफ्ट: श्रेय नेमके कोणाच्या नजरेचे?

१/२२
अमेरिकन फुटबॉलच्या इतिहासातील सर्वोत्तम खेळाडूनिवड कोणती, असा प्रश्न निघाला की जाणकारांचे उत्तर बहुधा ठरलेले असते: पिट्सबर्ग स्टीलर्स, जानेवारी १९७४. त्या एका ड्राफ्टमधील चार खेळाडू पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेले. एका संघाच्या एकाच वर्षीच्या निवडीतून चौघांनी तिथवर मजल मारल्याचे दुसरे उदाहरण नाही.

या यशाचे श्रेय सामान्यतः मुख्य प्रशिक्षक चक नोल यांच्या पारखी नजरेला दिले जाते. ही मांडणी अपुरी आहे, असे माझे मत आहे. त्यामागची कारणे या धाग्यात क्रमाने मांडतो.

२/२२
प्रथम ड्राफ्ट म्हणजे काय, ते पाहू. आयपीएलचा लिलाव आपल्या परिचयाचा आहे. तिथे ज्याची थैली मोठी त्याची बोली मोठी. ड्राफ्टमध्ये बोली नसते. महाविद्यालयीन फुटबॉल खेळून बाहेर पडलेल्या तरुणांमधून संघ आळीपाळीने एकेक नाव घेतात. गेल्या हंगामात जो संघ तळाशी राहिला, त्याला पहिला मान. विजेत्याची पाळी शेवटची. खेळाडूला संघ निवडता येत नाही, संघच खेळाडूला निवडतो.

३/२२
ही पद्धत फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांनी सुचवली. त्यांचा संघ सतत हरत असे आणि चांगले खेळाडू श्रीमंत, विजयी संघांकडे जात. पहिला ड्राफ्ट ८ फेब्रुवारी १९३६ रोजी फिलाडेल्फियात झाला. नऊ संघ, नऊ फेऱ्या. त्यात सर्वप्रथम निवडला गेलेला जे बर्वँगर हा खेळाडू एनएफएलमध्ये एकही सामना खेळला नाही. ड्राफ्टच्या पहिल्याच नावाने एक धडा दिला होता: निवड करणे वेगळे आणि त्या निवडीचे चीज होणे वेगळे.

४/२२
दुर्बळाला आधी निवडू दिले की तो आपोआप सबळ होईल, ही बेल यांची अपेक्षा. पिट्सबर्गने ती अनेक वर्षे खोटी ठरवली. आर्ट रूनी यांनी १९३३ मध्ये स्थापन केलेल्या या संघाने १९५५ मध्ये नवव्या फेरीत जॉनी युनायटस या क्वार्टरबॅकला घेतले आणि हंगाम सुरू होण्यापूर्वीच सोडून दिले. तो पुढे बाल्टिमोरचा दंतकथा बनलेला नायक झाला. १९५७ मध्ये पाचव्या क्रमांकावर त्यांनी लेन डॉसनला घेतले. सहाव्या क्रमांकावर क्लीव्हलंडला जिम ब्राउन मिळाला. डॉसनलाही त्यांनी टिकवले नाही. तो कॅन्सस सिटीकडून विजेता झाला. पहिली जवळपास चाळीस वर्षे हा संघ बाद फेरीचा एकही सामना जिंकू शकला नव्हता.

५/२२
जानेवारी १९६९ मध्ये ३७ वर्षांचे चक नोल मुख्य प्रशिक्षक झाले. खेळाडू म्हणून ते पॉल ब्राउन यांच्या क्लीव्हलंड संघात घडले होते, सहायक म्हणून सिड गिलमन आणि डॉन शुला यांच्या हाताखाली शिकले होते. नियुक्तीनंतर लगोलग आलेल्या ड्राफ्टमध्ये त्यांनी चौथ्या क्रमांकावर नॉर्थ टेक्सास स्टेटच्या जो ग्रीनला घेतले. हा कोण, असे शहराने विचारले. त्या वर्षी संघाने पहिला सामना जिंकला आणि उरलेले तेराही सामने गमावले. रूनी कुटुंबाने तरीही प्रशिक्षक बदलला नाही. हा निर्णय कोणत्याही ड्राफ्टच्या यादीत दिसत नाही, पण माझ्या हिशेबात तो पहिल्या क्रमांकाचा आहे.

६/२२
आता मूळ मुद्दा. त्या काळी अमेरिकेच्या दक्षिणेतील बड्या विद्यापीठांचे फुटबॉल संघ दीर्घकाळ फक्त गोऱ्यांचे होते. साउथईस्टर्न कॉन्फरन्स या प्रबळ गटात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू १९६७ मध्ये मैदानात उतरला. अलाबामा विद्यापीठाच्या मुख्य संघात तो दिवस १९७१ मध्ये उजाडला. मग दक्षिणेतील गुणी कृष्णवर्णीय तरुण खेळत तरी कुठे होते? ग्रॅम्बलिंग, सदर्न, टेक्सास सदर्न, साउथ कॅरोलायना स्टेट, अलाबामा ए अँड एम अशा, कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या महाविद्यालयांत. बहुतेक व्यावसायिक संघांचे स्काउट तिकडे क्वचित फिरकत.

७/२२
पिट्सबर्गमध्ये मात्र एका माणसाला ही महाविद्यालये तळहातासारखी परिचित होती. बिल नन हे 'पिट्सबर्ग कुरिअर' या प्रतिष्ठित कृष्णवर्णीय वृत्तपत्राचे क्रीडासंपादक. १९५० पासून ते दरवर्षी कृष्णवर्णीय महाविद्यालयांतील सर्वोत्तम खेळाडूंचा संघ जाहीर करत. ज्या शहरात हे पत्र निघत होते, त्याच शहरातील स्टीलर्सनी त्या यादीची दखल घेतली नव्हती आणि नन यांचा त्यावर रोष होता. तो डॅन रूनी यांच्या कानावर गेला. त्यांनी नन यांना बोलावून ऐकून घेतले आणि स्काउट म्हणून काम देऊ केले. १९६० च्या दशकाच्या अखेरीस नन संघात आले.

८/२२
परिणाम आकड्यांत पाहा. १९६९: दहाव्या फेरीत आर्कान्सा ए एम अँड एनचा एल. सी. ग्रीनवूड. १९७०: तिसऱ्या फेरीत सदर्नचा मेल ब्लाउंट. १९७१: पहिल्या फेरीत ग्रॅम्बलिंगचा फ्रँक लुईस, आठव्या फेरीत टेक्सास सदर्नचा अर्नी होम्स. 'स्टील कर्टन' म्हणजे पोलादी पडदा या नावाने गाजलेल्या बचावाच्या आघाडीच्या चौघांपैकी दोघे, ग्रीनवूड आणि होम्स, अशा महाविद्यालयांतून आणि इतक्या उशिराच्या फेऱ्यांतून आले. म्हणजे १९७४ ची पायाभरणी आधीच झाली होती.

९/२२
१९७४. लीगमध्ये २६ संघ, ड्राफ्टच्या १७ फेऱ्या. पिट्सबर्गची पाळी एकविसावी. आर्ट रूनी ज्युनिअर, डिक हेली, नन आणि नोल यांच्यासमोर दोन रिसीव्हर होते: सदर्न कॅलिफोर्नियाचा नामांकित लिन स्वान आणि अलाबामा ए अँड एमचा अल्पपरिचित जॉन स्टॉलवर्थ. नोल यांना पहिल्याच फेरीत स्टॉलवर्थ हवा होता. शोधपथकाचे म्हणणे असे की स्वान आत्ताच जाईल, स्टॉलवर्थ मात्र मागे उरेल, कारण इतरांनी त्याला नीट पाहिलेलेच नाही. नोल यांनी ऐकले. दुसऱ्या फेरीत जॅक लँबर्ट घेतला. तिसऱ्या फेरीची पाळी आधीच्या एका व्यवहारात देऊन टाकलेली होती, त्यामुळे ४६ व्या नावानंतर थेट ८२ व्या नावापर्यंत श्वास रोखून बसावे लागले. ८२ व्या क्रमांकावर स्टॉलवर्थ मिळाला.

१०/२२
स्टॉलवर्थ जन्मला टस्कलूसा गावी, जिथे अलाबामा विद्यापीठ आहे. घराजवळच्या त्या बलाढ्य संघात त्याला जागा नव्हती. ओल्या मैदानावर त्याची ४० यार्डांची धाव मंद भरली, तेव्हा इतर स्काउट निघून गेले. नन आजारपणाचे निमित्त करून मागे थांबले आणि दुसऱ्या दिवशी कोरड्या जागेवर त्यांनी त्याला पुन्हा धावायला लावले, अशी हकिकत संघाच्या वर्तुळात सांगितली जाते. त्याच्या खेळाची चित्रफीतही पिट्सबर्गने बराच काळ आपल्याकडेच ठेवली, असेही म्हणतात. या कथांत थोडे मीठमसाला असेल. पण इतर संघांना तो स्वस्तात सुटू द्यावासा वाटला, हे ८२ हा आकडाच सांगतो.

११/२२
लँबर्ट केंट स्टेटचा, उंच पण लाइनबॅकरच्या मानाने फारच सडपातळ. पाचव्या फेरीत, १२५ व्या क्रमांकावर विस्कॉन्सिनचा माइक वेबस्टर आला; सेंटरच्या जागेसाठी तोही आकाराने लहान समजला गेला. या चौघांपैकी तिघांत काही ना काही उणे होते: कुणाचे महाविद्यालय अपरिचित, कुणाचे वजन कमी. पिट्सबर्गची मंडळी मोजपट्टीकडे पाहत नव्हती असे नाही. मोजपट्टीवर न मावलेला खेळाडू चित्रफितीत आणि मैदानात काय करतो, हेही पाहण्याचा वेळ त्यांनी काढला.

१२/२२
आणि दुसऱ्या दिवशी काय झाले? स्थानिक वृत्तपत्रातील समीक्षा नाराजीची होती. रिसीव्हर तेवढे बळकट झाले, बाकी काही नाही. टाइट एंड मिळाला नाही, पंटर मिळाला नाही, टॅकल मिळाला नाही. लँबर्ट फार तर पाचव्या क्रमांकाचा लाइनबॅकर होईल आणि उरलेले तिघे म्हणजे प्रश्नचिन्हे, असा सूर होता.

आज ड्राफ्ट संपताच संघांना 'ए', 'बी', 'सी' अशा श्रेणी वाटणाऱ्यांनी ही समीक्षा भिंतीवर लावून ठेवावी. तो पत्रकार मूर्ख नव्हता. त्याने संघातील रिकाम्या जागा मोजल्या. खेळाडू पुढे काय होऊ शकतो, हे मोजण्याचे साधनच त्या दिवशी कोणाच्या हाती नव्हते.

१३/२२
एक नाव तर यादीत नव्हतेच. १७ फेऱ्या झाल्या, ४४२ तरुणांची नावे पुकारली गेली. साउथ कॅरोलायना स्टेटच्या डॉनी शेलचे नाव कोणीही घेतले नाही. नन यांच्यामुळे तो ड्राफ्टबाहेरून पिट्सबर्गला आला. पुढे चौदा हंगाम तो संघाच्या बचावात खेळला आणि २०२० च्या तुकडीत हॉल ऑफ फेममध्ये गेला. १९७४ ची मोजणी करताना 'चार' म्हणायचे की 'पाच'? ड्राफ्ट हा फक्त नावे पुकारण्याचा समारंभ मानला तर चार. शोधकार्य म्हणून पाहिले तर पाच. मी पाच म्हणतो.

१४/२२
नशिबाचा वाटाही मान्य केला पाहिजे. १९७४ च्या उन्हाळ्यात खेळाडूंच्या संघटनेने संप केला. अनुभवी खेळाडू सरावशिबिराबाहेर राहिले आणि प्रशिक्षकांचा सारा वेळ नवोदितांना मिळाला. हंगामापूर्वी मधल्या फळीतील लाइनबॅकर हेन्री डेव्हिस जखमी झाला आणि लँबर्टसाठी जागा मोकळी झाली. त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित बचावपटू तोच ठरला. हा संप झाला नसता, ती दुखापत झाली नसती तर? इतिहासाच्या अभ्यासकाने हा प्रश्न टाळू नये. पण संधी आली तेव्हा तिचा उपयोग करू शकणारे शिक्षक हजर होते, हेही तितकेच नोंदवावे.

१५/२२
ते शिक्षक कोण? बचावाची सूत्रे बड कार्सन यांच्याकडे होती. आघाडीची फळी जॉर्ज पर्लस सांभाळत, लाइनबॅकर वूडी विडेनहोफर, आक्रमणाची आघाडी डॅन राडाकोविच. आणि रिसीव्हरांचे प्रशिक्षक होते लायनेल टेलर. १९६१ मध्ये व्यावसायिक फुटबॉलच्या एका हंगामात शंभर झेल पूर्ण करणारा पहिला खेळाडू म्हणजे हेच टेलर. स्वान आणि स्टॉलवर्थ हे दोन्ही नवखे त्यांच्या हाताखाली तयार झाले. नोल स्वतःला आधी शिक्षक मानत. पाय कुठे ठेवायचा, हात कसा लावायचा, अशा मूलभूत गोष्टींवर त्यांचा भर असे. निवड बियाण्याची असते; पीक मशागतीवर येते.

१६/२२
या प्रशिक्षणाची ताकद किती, याचा पुरावा नियमपुस्तकात आहे. ब्लाउंट प्रतिस्पर्धी रिसीव्हरांना इतका जखडून ठेवी की १९७८ मध्ये लीगने नियमच बदलला: पाच यार्डांपलीकडे रिसीव्हरला असा धक्का देता येणार नाही. लोक त्याला आजही 'मेल ब्लाउंट नियम' म्हणतात. गंमत अशी की बचावाला घातलेल्या या लगामाचा लाभ स्वान आणि स्टॉलवर्थ यांनाच झाला. १९७४ च्या निवडीचे मूल्य चार वर्षांनी, दुसऱ्याच कारणाने आणखी वाढले.

१७/२२
फलित सर्वश्रुत आहे. जानेवारी १९७५ मध्ये मिनेसोटाला १६–६ ने हरवून पहिले सुपर बोल विजेतेपद. पुढच्या वर्षी डॅलसविरुद्ध २१–१७, जानेवारी १९७९ मध्ये पुन्हा डॅलसविरुद्ध ३५–३१, जानेवारी १९८० मध्ये लॉस एंजेलिस रॅम्सविरुद्ध ३१–१९. सहा हंगामांत चार विजेतेपदे. शेवटच्या विजेत्या चमूतील एकही खेळाडू पूर्वी दुसऱ्या एनएफएल संघाकडून खेळलेला नव्हता. सारे घरी निवडलेले, घरी घडवलेले.

१८/२२
मग ही पारखी नजर पुढे कुठे गेली? नोल १९९१ पर्यंत प्रशिक्षक होते, तरी १९७४ सारखी निवड पुन्हा झाली नाही आणि पाचवे विजेतेपद त्यांच्या वाट्याला आले नाही. १९८३ मध्ये पिट्सबर्गमध्येच जन्मलेला आणि तिथल्याच विद्यापीठात खेळलेला क्वार्टरबॅक डॅन मरिनो उपलब्ध असताना त्यांनी २१ व्या क्रमांकावर बचावपटू गेब रिव्हेरा घेतला. मरिनो २७ वा मायामीला गेला. रिव्हेराची कारकीर्द त्याच वर्षी मोटार अपघातात संपली. अपघाताचा दोष निवडीला देता येत नाही, पण मरिनोला वगळण्याचा निर्णय अपघातापूर्वीचा आहे.

१९/२२
माझ्या मते उत्तर सरळ आहे. नजर तीच होती. इतरांनी डोळे उघडले. दक्षिणेतील मोठ्या विद्यापीठांनी कृष्णवर्णीय खेळाडूंना प्रवेश दिला आणि बाकीचे संघही सगळीकडे स्काउट पाठवू लागले. दुसरीकडे टेलर, कार्सन, राडाकोविच, पर्लस, विडेनहोफर हे सहायक १९७७ पासून एकेक करून बाहेर पडले. पिट्सबर्गची आघाडी दोन खांबांवर उभी होती: इतरांचा पूर्वग्रह आणि स्वतःचे शिक्षक. दोन्ही खांब एकाच दशकात सरले.

या कथेतील अस्वस्थ करणारी बाब हीच. आपण जिला गुणग्राहकता म्हणतो, तिची किंमत इतकी मोठी ठरली, कारण उरलेल्या लीगने अन्याय चालू ठेवला होता. स्टॉलवर्थ ८२ वा 'सापडला' म्हणून आपण आनंदतो. तो तोवर शिल्लक का होता, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

२०/२२
नोल यांचे श्रेय यामुळे कमी होते काय? नाही, ते वेगळ्या जागी जाते. ज्या खोलीत पत्रकारितेतून आलेला स्काउट मुख्य प्रशिक्षकाला 'थांबा' म्हणू शकतो आणि प्रशिक्षक थांबतो, ती खोली त्यांनी आणि रूनी कुटुंबाने घडवली. पण सन्मानाचा क्रम पाहा. नोल हॉल ऑफ फेममध्ये गेले १९९३ मध्ये. बिल नन गेले २०२१ मध्ये, मृत्यूनंतर सात वर्षांनी. आर्काइव्ह धुंडाळणाऱ्या प्रत्येकाने हे अंतर लक्षात ठेवावे: ज्याचे नाव फलकावर असते त्याची कागदपत्रे जपली जातात, जो मैदानाच्या कडेला घड्याळ घेऊन उभा असतो, त्याची आठवण व्हायला पिढी जाते.

२१/२२
प्रशिक्षकांची निवड हाही एक ड्राफ्टच, फक्त त्याला फेऱ्या नसतात. खेळाडूंबाबत डोळे उघडलेल्या लीगने इथे मात्र ते बराच काळ मिटलेले ठेवले. लायनेल टेलर यांना एनएफएलमध्ये मुख्य प्रशिक्षकपद कधीच मिळाले नाही. आधुनिक काळातील पहिला कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक १९८९ मध्ये नेमला गेला. नोल यांनी १९८१ मध्ये सहायक म्हणून घेतलेले टोनी डंजी यांना मुख्य पदासाठी १९९६ उजाडावे लागले. २००७ मध्ये सुपर बोल जिंकणारे ते पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक ठरले. मुख्य पदासाठी अल्पसंख्याक उमेदवाराची मुलाखत सक्तीची करणारा २००३ चा नियम डॅन रूनी यांच्या नावाने ओळखला जातो. नन यांना बोलावणारा हाच माणूस. म्हणजे सद्भावनेला पुरेसे मानू नये, हे त्यालाही अनुभवाने पटले असावे.

२२/२२
शेवटी माइक वेबस्टर. १२५ व्या क्रमांकाचा तो सेंटर सतरा हंगाम खेळला. २००२ मध्ये पन्नाशीत, विपन्नावस्थेत त्याचा मृत्यू झाला. पिट्सबर्गमध्येच डॉ. बेनेट ओमालू यांनी त्याच्या मेंदूची तपासणी केली आणि २००५ मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केला: डोक्यावर वारंवार बसलेल्या आघातांनी होणारा सीटीई हा विकार व्यावसायिक फुटबॉलपटूत प्रथमच नोंदवला गेला. ज्या निवडीला आपण सर्वोत्तम म्हणतो, तिच्या हिशेबात हा खर्चही लिहिला पाहिजे.

म्हणून कोणत्याही संघाच्या ड्राफ्टचे वा प्रशिक्षकवर्गाचे मूल्यमापन करताना चार प्रश्न विचारावेत. कोणाकडे पाहिले गेले आणि कोणाकडे नाही? निवडलेल्याला शिकवले कोणी? श्रेय कोणाच्या नावावर चढले? आणि खेळून झाल्यावर त्या माणसाचे काय झाले? १९७४ चे पिट्सबर्ग पहिल्या दोन प्रश्नांत अव्वल आहे, तिसऱ्यात उशिरा जागे झालेले, चौथ्यात अनुत्तीर्ण.

आपले मत निराळे असल्यास कारणांसह जरूर लिहा. आवडता संघ कोणताही असो, हे चार प्रश्न त्यालाही लावून पाहा.